बाळंतिणीच्या घरी ‘सकाळी पाहू’ म्हणू नका

गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज, बियाणं, शेळ्या असं सगळं बोलतो. आजच्या भागात पैशाचं बोलणं थोडंसंच आहे. आज आपण बाळंतीण आणि तिच्या कुशीतलं लेकरू यांच्याबद्दल बोलू. बाळंतपण दवाखान्यात सुखरूप झालं, पेढे वाटले, आई-बाळ घरी आले की आपल्याला वाटतं, सुटलो बाप्पा. खरं तर घरी आल्यावरचे दिवस जास्त जपायचे असतात. बाळाचे पहिले 28 दिवस आणि आईचे पहिले 42 दिवस. त्यातही पहिला आठवडा. जन्मानंतर महिन्याच्या आत जी बाळं दगावतात, त्यांतली चारांपैकी सुमारे तीन पहिल्या आठवड्यातच जातात.

आधी आमच्या गटाची गोष्ट सांगतो. सांगायला जड जाते, पण सांगणार आहोत.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. गटातल्या एका ताईची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाचं वजन बरं होतं, तिसऱ्या दिवशी घरी आले. पाचवी पुजली. नवव्या दिवशी आम्ही पाच जणी खारीक-खोबरं घेऊन बाळ पाहायला गेलो. बाळ झोपलेलं होतं. आम्ही तासभर बसलो, चहा घेतला, तरी ते उठलं नाही. आजी कौतुकानं म्हणाली, “लय गुणी लेकरू हाय व. रडत नाही, प्याले मांगत नाही, निस्तं झोपून राह्यते.” आम्हीही म्हणालो, “नशीबवान हाय माय तू.” एकीनं बाळाला उचललं तेव्हा त्याचे हात खाली लोंबले. आम्हाला वाटलं, गाढ झोप आहे.

संध्याकाळी बाळाचे पाय गार लागले. दुधाला तोंड लावलं तरी ओढेना. घरात बोलणं झालं. जावई तिकडे त्याच्या गावी, भाऊ मळणी यंत्रावर, रात्र झालेली. कोणीतरी म्हणालं, “आता राती कुठी जासान? सकाळी पाहू.” सकाळी गाडी आली. दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. लेकरू वाचलं नाही.

त्या घरात कोणीच वाईट नव्हतं. आजीनं रात्रभर बाळाला छातीशी धरलं होतं. आम्ही पाचही जणी लेकरं वाढवलेल्या बाया. तरी खूण डोळ्यांसमोर असून ओळखता आली नाही. त्यानंतर आमच्या आशाताईला गटाच्या बैठकीत बोलावून आम्ही शिकायला बसलो. ती जे शिकवते आणि आम्हाला जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

बाळाच्या खुणा

मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की ताप भरतो. तान्ह्या बाळाच्या अंगात तेवढी ताकद नसते. कधी ताप येतो, पण बरेचदा ते उलट गार पडतं, सुस्त होतं, दूध सोडतं. म्हणून पहिली आणि सगळ्यांत मोठी खूण ही: आधी चांगलं पिणारं बाळ आता पीत नाही, किंवा तोंड लावते पण ओढ कमी झाली आहे. तान्हं बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा प्यायला पाहिजे. झोपलं असलं तरी तळपायाला टिचकी मारून उठवावं, दूध द्यावं. उठवूनही उठत नसेल, हातपाय कापडासारखे लुळे पडत असतील, रडणं बारीक झालं असेल किंवा थांबलं असेल, तर ते गुणी नाही, ते आजारी आहे.

दुसरी खूण श्वासाची. बाळ शांत असताना, पीत नसताना, अंगावरचं कापड वर करून पोट पाहा. मोबाईलच्या घड्याळात पूर्ण एक मिनिट पोटाचं वरखाली होणं मोजा. 60 किंवा जास्त आलं तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हाही तेवढंच आलं, तर दवाखाना. श्वास घेताना फासळ्यांखाली छाती आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, ओठ निळे पडले असतील, तर मोजत बसू नका, निघा.

तिसरी खूण अंगाची. आपल्या हाताची पालथी बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायाला लावा. पाय गार आणि पोट गरम असेल तर बाळाला थंडी वाजते आहे. त्याला आईच्या उघड्या छातीशी घ्या, वरून पांघरूण, डोक्याला टोपडं. पोटही गार लागत असेल तर ते धोक्याचं. थर्मामीटर असेल तर काखेत लावा. 97.7 च्या खाली गेलं तर बाळ थंड पडत आहे, 99.5 किंवा वर गेलं तर ताप. आपल्या अकोल्या-अमरावतीचा मे महिना वेगळा असतो. बाहेर 45 अंश, वर पत्रा, आणि बाळ तीन दुपट्यांत गुंडाळलेलं. अशा वेळी बाळ नुसत्या उकाड्यानंही तापते. एक-दोन कपडे काढा, सावलीच्या हवेशीर जागी घ्या, दूध पाजा, थोड्या वेळानं पुन्हा पाहा. अंग तरीही गरम असेल, किंवा सोबत दूध कमी झालं असेल, तर ऊन लागलं म्हणून बसू नका.

चौथी खूण काविळीची. पुष्कळ बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी पिवळी दिसतात आणि पुढे आपोआप बरी होतात. पण पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा तो उतरत उतरत तळहात-तळपायांपर्यंत गेला, किंवा दोन आठवडे झाले तरी गेला नाही, तर डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे. फार वाढलेली कावीळ बाळाच्या मेंदूला इजा करते, आणि कोवळं ऊन दाखवून ती उतरत नाही. तिला दवाखान्यातला निळ्या दिव्याचा उपचार लागतो. आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी ठेवतात, तिथे पिवळं काही दिसत नाही. रोज एकदा बाळाला दारापाशी उजेडात आणा, कपाळावर, छातीवर, पायावर बोट दाबून उचला आणि खालचा रंग पाहा.

पाचवी खूण नाळेची. नाळ कोरडी राहिली की आपोआप गळते. तिला हळद, राख, तेल, शेण काही लावायचं नाही. बेंबीतून पू येत असेल, भोवतालची कातडी लाल होऊन सुजली असेल, तर जंतू आत शिरत आहेत. अंगावर पुवाचे पुष्कळ फोड, फुगलेलं ताठ पोट, हिरवी उलटी, झटके, ह्याही धोक्याच्या खुणा. पहिल्या 24 तासांत शी नाही, 48 तासांत लघवी नाही, तरी दाखवा.

काही गोष्टींना घाबरायचं नाही. पहिली काळी-हिरवी शी, शिंका, दूध पिऊन थोडी गुळणी, मुलगी असेल तर लघवीच्या जागी रक्ताचा एखादा ठिपका, पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरणं, हे चालते. बाळ पिते आहे, रडते आहे, दिवसातून सहा-सात वेळा लघवी करते आहे, तर ते ठीक आहे.

आईच्या खुणा

बाळ आलं की सगळे बाळाकडे पाहतात. आईला कोणी विचारलं तर एवढंच, “दूध येते का व?” आईचंही पाहावं लागते.

पहिली गोष्ट, अंगावरून जाणं. बाळंतपणानंतर रक्त जाते, आणि रोज थोडं थोडं कमी होत जायला पाहिजे. आपल्या बाया म्हणतात, “खराब रक्त हाय, जाऊ दे, पोट साफ होते.” ह्या समजानं किती तरी जणी गेल्या. बाळंतपणाच्या वेळी गर्भपिशवीत रक्ताचा फार मोठा ओघ असतो. बाळ आणि वार बाहेर आल्यावर पिशवी आवळून घट्ट गोळ्यासारखी होते, तेव्हाच तो ओघ थांबतो. ती सैल राहिली किंवा वारेचा तुकडा आत राहिला तर नळ उघडा राहिल्यासारखं रक्त जाते, आणि तास-दोन तासांत बाई हाताबाहेर जाऊ शकते. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला थोडाही रक्तस्राव सोसत नाही. म्हणून कपडे मोजा. एका तासात पॅड किंवा जाड घडी पूर्ण भिजत असेल, दिवसाला पाचपेक्षा जास्त लागत असतील, मोठ्या गाठी पडत असतील, कमी झालेलं रक्त पुन्हा वाढलं असेल, चक्कर, घाम, हातपाय गार असं होत असेल, तर लगेच गाडी बोलवा. गाडी येईपर्यंत तिला आडवं करा, लघवीला होत असेल तर करू द्या, बाळाला अंगावर पाजू द्या. बाळ पिते तेव्हा पिशवी आवळते. एकटीला उठून संडासाला जाऊ देऊ नका.

दुसरी, डोकं. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, वरच्या पोटात कळ, तोंडावर-हातावर सूज. ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणं आहेत. गरोदरपणात दाब चांगला होता त्या बाईचाही बाळंतपणानंतर वाढू शकतो, आणि त्यातून झटके येतात. झटका आला की आपल्याकडे “बाहेरचं लागलं” म्हणून लिंबू उतरवतात. लिंबू उतरवण्यात जो वेळ जातो तो तिच्याजवळ नसतो.

तिसरी, ताप. 100.4 किंवा जास्त ताप, थंडी वाजून येणं, ओटीपोटात दुखणं, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास, टाक्यांतून पू. “दूध उतरलं म्हणून ताप आला” असं म्हणून सोडू नका. गर्भपिशवीतला जंतुसंसर्ग असाच सुरू होतो. स्तन एका जागी लाल, कडक, दुखरा झाला तरी दाखवा, आणि त्या बाजूनं पाजणं बंद करू नका.

चौथी, एकाच पायाची पोटरी सुजणं-दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं. रक्ताची गाठ झाली असू शकते. पाचवी, लघवी अडणं किंवा आपोआप गळत राहणं.

सहावी खूण दिसत नाही, ती मनाची. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येते, ते बहुतेकींना येते आणि जाते. दोन आठवडे झाले तरी मन उदास, बाळाकडे पाहावंसं वाटत नाही, जेवण नको, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, तर तो आजार आहे, माजोरेपणा नाही. नुसती मुलगी झाली म्हणून टोमणे ऐकणाऱ्या बाईकडे तर जास्तच लक्ष द्या. ती “मी मरतो” म्हणत असेल, नसलेले आवाज ऐकत असेल, बाळाला काही करून बसेन अशी भीती बोलून दाखवत असेल, तर तिला एक मिनिटही एकटी सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. मनाच्या आजाराबद्दल 14416 ह्या टेलिमानसच्या नंबरवर मराठीतही बोलता येते, पैसे लागत नाहीत.

उशीर कुठे होतो

डॉक्टर मंडळी सांगतात, आई-बाळ दगावतात त्यामागे तीन उशीर असतात: घरातून निघायचं ठरवण्यात, दवाखान्यात पोचण्यात, आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. पहिला उशीर आपल्या ओसरीवरच होतो.

तो आपल्यासारख्या बायाच कमी करू शकतात, हे विदर्भानंच दाखवून दिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1995 पासून 39 गावांत थोडं शिकलेल्या गावातल्याच बायांना बाळाचं वजन, ताप, श्वास पाहायला आणि आजारी बाळ ओळखून घरीच उपचार करायला शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेच्या गावांशी पाहता, 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली हे जगापुढे आलं, आणि 2011 पासून देशभर आशाताई ह्याच धर्तीवर घरी येऊन बाळ पाहतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. लेक माहेरी आली असेल तर तिथल्या आशाला निरोप द्या, नाही तर सासरची आशा तिकडे आणि बाळ इकडे, असं होते. भेटीच्या मधल्या दिवशी शंका आली तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, फोन करा.

मेळघाटात हा रस्ता जास्त अवघड आहे. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये घाट. तिथे बाळाचं पोट फुगलं, श्वास ओढायला लागला की काही ठिकाणी तापलेल्या सळईनं पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. मायबाप प्रेमानंच करतात, पण चटक्यानं आजार जात नाही, जखमेतून नवे जंतू मात्र शिरतात. आणि मेळघाटच्या बायांना हसण्याआधी आपण आपल्याकडे पाहू. सपाटीवरच्या गावातही आपण नाळेला राख लावतो, मध चाटवतो, गुटी देतो, डोळ्यांत काजळ घालतो, बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवतो. शेगडीच्या धुरानं कोंडलेल्या खोलीत माय-लेकरू दोघांचाही जीव जाऊ शकतो. शेक घ्यायचा तर दार उघडं ठेवून, शेगडी बाहेर ठेवून घ्या. डिंकाचे लाडू, अळीव खुशाल खा. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध, पहिला चीकही फेकायचा नाही. आणि बाळ हाती घेण्याआधी हात साबणानं धुवा. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात हे सांगायची पाळी येऊ नये, पण येते.

निघताना

गाडीसाठी 102 किंवा 108. गाडीला पैसे नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतीण आणि आजारी बाळ यांची तपासणी, औषधं, रक्त, नेणं-आणणं मोफत आहे. बाळासाठी ही सोय एक वर्षापर्यंत आहे. कोणी पैसे मागितले तर कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा. अमरावतीला डफरीन, अकोल्याला लेडी हार्डिंग, ही आपली जिल्हा स्त्री रुग्णालयं. तिथे आजारी नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी गेलात तर तिथून पुढे पाठवतात.

बाळाला नेताना आईच्या छातीला उघडं लावून न्या, वरून लुगडं-शाल, डोक्याला टोपडं. पीत असेल तर वाटेत पाजत राहा. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. डॉक्टरला पहिल्याच दमात चार गोष्टी सांगा: बाळ किती दिवसांचं, जन्माचं वजन किती, दूध कधीपासून कमी झालं, आणि कोणती खूण कधी दिसली. लिहून नेलं तर आणखी चांगलं.

आता तेवढं पैशाचं. मोफत म्हटलं तरी रात्री घरात हजार रुपये नसतात, आणि माणूस त्यावरूनच अडतो. आमच्या गटानं ठराव केला आहे. बाळंतिणीच्या घरासाठी दोन हजार रुपये पेटीत वेगळे, बैठकीची वाट न पाहता अध्यक्ष-सचिव देतील, बिनव्याजी. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर तिथेही हा विषय घ्या. दुसरा ठराव, आठव्या महिन्यातच त्या घरी जाऊन विचारायचं: रात्री घरधनी नसला तर निघायचं कोण ठरवेल? सोबत कोण जाईल? मोठ्या लेकराला कोण सांभाळेल? सासूबाईंसमोरच विचारायचं, म्हणजे रात्री दोन वाजता भांडण होत नाही.

मागच्या हिवाळ्यात ह्याचा उपयोग झाला. एका सुनेचं सहाव्या दिवशी डोकं फुटायला आलं होतं, डोळ्यांपुढे धूसर दिसत होतं. वेळ रात्री अकराची. तिच्या सासूनंच आमच्यातल्या एकीचं दार वाजवलं. म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही सांगतलं होतं ना, डोक्याचं.” आम्ही गाडी बोलावली, पेटीतले पैसे दिले, दोघी सोबत गेलो. दवाखान्यात दाब फार वाढलेला निघाला, लगेच इंजेक्शन सुरू केलं. आठवड्यानं ती घरी आली. आता तिचं लेकरू ओसरीवर रांगते.

भिंतीवर लावायची यादी

बाळ: दूध कमी किंवा बंद. लुळं, सुस्त, रडणं बारीक. श्वास 60 किंवा जास्त, छाती आत. पोट गार, किंवा ताप. तळहात-तळपाय पिवळे. बेंबीत पू. पोट फुगलेलं, हिरवी उलटी. झटके.

आई: तासात पॅड भिजणं, गाठी. खूप डोकं दुखणं, अंधारी, झटके. ताप, घाण वास. एक पोटरी सुजणं, दम लागणं. लघवी अडणं किंवा गळणं. जीव नकोसा होणं.

एकही खूण दिसली की त्याच वेळी निघायचं. 102, 108.

ही यादी कापून बाळंतिणीच्या बाजेजवळ चिकटवा. आपल्या आज्या सांगत, पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. तिच्यासाठी आपण पाटी आणि लेखणी ठेवतो. ह्या वर्षी त्या पाटीवर आशाताईचा आणि गाडीचा नंबरही लिहा. आणि गटातल्या बायांनो, बाळ पाहायला गेलात तर चहा घेण्याआधी विचारा, “दूध ओढते का?” आम्ही त्या दिवशी विचारलं नव्हतं.